उतरलेला काटा

मांजरसुंब्याचा घाट चढून गाडी पाटोद्याच्या रस्त्याला वळली आणि इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा धपकन खाली पडला. घाटभर तो तांबड्या रेघेपाशी थरथरत होता, मध्येच दचकल्यासारखा अर्ध्यावर यायचा, परत वर जायचा, आणि गाडी चालवणारा परमेश्वर दर वळणाला रस्ता सोडून त्याच्याकडेच बघत होता. आता काटा अगदी तळाला जाऊन बसला. परमेश्वरनं सोडलेला श्वास मागच्या सीटवर बसलेल्या त्याच्या बायकोला, मंजुषाला, ऐकू आला. पुढं परमेश्वरच्या शेजारी बसलेल्या त्याच्या वडिलांनी, बबनरावांनी, काट्यावरच्या काचेवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "बघ, उतरला का न्हाई? काट्याला रोग हाय, गाडीला न्हाई. कावून भितो बायकांवानी?" परमेश्वर हसला. वडिलांनी अपमान केला की हसायचं, ही त्याची लहानपणापासूनची सवय होती. मंजुषा दोन सीटांच्या फटीतून त्या काट्याकडे बघत राहिली. काटा असा उतरत नाही, हे तिला माहीत होतं. गाडी खरंच थंड होते तेव्हा तो सावकाश येतो, चरून परतणाऱ्या म्हशीसारखा. तो असा पडतो तेव्हा पाणी इतकं कमी झालेलं असतं की उष्णता मोजणारा सेन्सर उघडा पडतो, आणि उघड्या सेन्सरला काही कळत नाही. आता इंजिन जळून गेलं तरी काटा तळालाच राहणार होता. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला.

ह्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. भांडण म्हणून नाही, रीत म्हणून. सासरे तीन हातांवर जेवायला बसलेले असले तरी मंजुषा सासूबाईंना म्हणायची, मामांना अजून भाकर लागते का विचारा; आणि मामा सासूबाईंना म्हणायचे, तिला म्हणावं पुरे. सासूबाई म्हणजे सरस्वतीबाई माहेरी गेल्या की मंजुषा दाराच्या चौकटीशी बोलायची. चौकटीला सांगायचं, पाणी तापलंय. मामा उठून आंघोळीला जायचे. बबनरावांना ह्याचा भारी अभिमान. चारचौघांत ते सांगत, "आमच्या सुनांचा आवाज कसा हाय त्ये मला आजूक ठाव न्हाई." हीच मंजुषा गेली काही वर्षं गावोगावच्या बचत गटांच्या बैठकांमध्ये हातात माईक घेऊन बोलत होती. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या रेशनसाठी तिनं तहसीलदाराला दारात उभं केलं होतं. एकदा पाटोद्याच्या सभेत तिचं भाषण चालू असताना बबनराव मंडपाच्या तोंडाशी आले, आणि तिचा शब्द असा अडकला की पुढच्या ओळीतल्या बायका खोकला लागला असं समजून पाणी घेऊन धावल्या. बबनराव ते पाहून मागच्या मागं निघून गेले. त्यांना सभेपेक्षा तो अडकलेला शब्दच जास्त आवडला असावा.

आज तिला त्याच पाटोद्याला नेत होते. जिल्हा परिषदेचा गट बायकांसाठी राखीव झाला होता, म्हणजे बबनरावांच्या दोन सुनांपैकी एकीला उभं राहायचं होतं, आणि गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगत होतं की ती मंजुषा. काल संध्याकाळी सरस्वतीबाई स्वयंपाकघरात आल्या, परातीतलं पीठ उगाच चिवडत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यांनी विजयमालाचं नाव धरलंय." विजयमाला म्हणजे परमेश्वरच्या धाकट्या भावाची, हनुमानची बायको, जी चार बायकांत बसली की साडीच्या काठाबद्दल बोलते आणि पाचवी आली की गप्प होते. एवढ्यावरही भागलं नव्हतं. मंजुषानं स्वतः पाटोद्याला यायचं, तिकीट वाटणाऱ्या पक्षाच्या साहेबांसमोर हात जोडायचे आणि म्हणायचं, मला घर सांभाळायचंय, माझ्या धाकट्या जावेला द्या. तिनं आपल्या तोंडानं सांगितलं नाही तर बचत गटाच्या बायका कुजबुजतील, मतं फुटतील, हे बबनरावांना पक्कं कळत होतं. म्हणजे तिचा गळा कापायचा, आणि सुरी तिनंच धुऊन आणायची. विजयमाला आणि हनुमान सकाळीच नवी गाडी घेऊन पुढं गेले होते. दुपारी साहेब पाटोद्याहून निघायच्या आत नाव सांगायचं होतं. नाही पोचलो तर? हा विचार मंजुषाच्या मनात घाट चढताना आला तेव्हा ती दचकली होती. काटा खाली पडला तेव्हा दचकली नाही.

काट्याचा हा खेळ महिनाभर चालला होता. परमेश्वरनं बीडला गाडी दोनदा दाखवून आणली. एकानं सेन्सर बदलला, दुसऱ्यानं वायरी साफ केल्या, चार दिवस काटा शहाण्यासारखा वागला आणि पुन्हा उड्या मारायला लागला. बबनराव म्हणाले, मिस्त्री सगळे चोर. मंजुषानं मागच्या सीटवरूनच रोग ओळखला होता. चढाला काटा वर, उताराला एकदम खाली, आणि सकाळी गाडी काढली की अंगणातल्या फरशीवर ओला डाग, जो वाळला की पांढरा दिसायचा. तो पांढरा रंग तिला चांगला ओळखीचा होता. तिच्या हंड्यांच्या बुडाला, नळाच्या तोंडाला, बाथरूमच्या बादलीला तोच होता. रोज चिंच लावून घासत होती ती. तो बबनरावांच्या बोअरचा क्षार होता. ज्या वर्षी सगळा तालुका टँकरच्या मागं पळत होता त्या वर्षीही ह्या बोअरला पाणी होतं, आणि तेव्हापासून बबनरावांच्या लेखी ते पाणी नव्हतं, इभ्रत होती. पाहुण्याला चहा त्याच पाण्याचा, गणपतीला अभिषेक त्याच पाण्याचा, आणि घरातल्या प्रत्येक वाहनाच्या रेडिएटरमध्ये तेच पाणी. गॅरेजवाल्यानं इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट भरलं की घरी येऊन ते सांडून टाकायचं आणि बोअरचं भरायचं. विकतचं पाणी आपल्या गाडीत? मग रेडिएटरच्या बारीक नळ्या क्षारानं बुजत गेल्या, नव्या सेन्सरवर पापुद्रा चढला, कुठला तरी पाइप चिरला. मंजुषानं एकदा रात्री अंथरुणात परमेश्वरला हे सगळं सांगितलं होतं. त्यानं गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाला, "बरोबर असंल तुझं. पन आबाला कोन सांगनार, की तुमच्या बोअरनं गाडी खाल्ली म्हून?" आणि कूस बदलून झोपला.

लिंबागणेशला गाडी थांबली. बबनरावांना गणपतीला नारळ फोडल्याशिवाय कुठलंही नाव जाहीर करायचं नव्हतं. ते देवळात गेले आणि परमेश्वर गाडीला टेकून उभा राहिला. खाली उतरल्यावर मंजुषाला वास आला. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसा. परमेश्वरला तो आला नाही, किंवा आला असून त्यानं नाकाला गप्प केलं. त्यानं बोनेटवर हात ठेवला, चटकन उचलला आणि काट्याचं नाव घेऊन स्वतःची समजूत घातली. आता सांगावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. हा माणूस तिचा होता. ह्याच माणसानं आयुष्यात एकदाच हट्ट धरला होता, जीपवाल्याच्या पोरीशी लग्न करीन नाहीतर विहीर जवळ करीन म्हणून, आणि त्या हट्टात त्याचं सगळं बळ संपून गेलं होतं. ती एक पाऊल पुढं आली. तेवढ्यात तोच म्हणाला, "आज तेवढं नीट बोल गं. रडू नको साहेबांपुढं. आबाला आवडत न्हाई." त्याच्या आवाजात काकुळती होती, दगाबाजी नव्हती, त्याचाच तिला संताप आला. दगाबाज माणसाचा निदान राग धरता येतो. ती परत गाडीत जाऊन बसली. बबनराव आले, कपाळाला शेंदूर, हातात प्रसाद. त्यांनी तो परमेश्वरला दिला आणि मागं न बघता म्हणाले, तिला दे. तिनं खाल्ला.

हा रस्ता तिचा होता, ही गोष्ट गाडीतल्या दोघांनाही कधी सुचली नसती. लहानपणी ती ह्याच रस्त्यानं अण्णांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याला गुडघे चिकटवून बसायची. मागं चौदा माणसं, टपावर शेळ्या, आणि अण्णा धोंडीराम सगळ्यांशी हसत. ते फार हसायचे. पोलिसानं थोबाडीत मारली तरी हसायचे आणि म्हणायचे, सायबाचा हात लई नरम हाय. तिला त्या हसण्याची लाज वाटायची. मग तिचं लग्न झालं, धाकट्या हनुमानसाठी धर्मापुरीची मुलगी बघायला निघाले, आणि बबनरावांचा ड्रायव्हर आयत्या वेळी आला नाही. अण्णा लेकीला भेटायला म्हणून सकाळीच आलेले. बबनराव म्हणाले, धोंडीराम, चला की, तुम्हाला काय गाडी शिकवायची? अण्णा नवा सदरा घालून आनंदानं बसले. त्यांना वाटलं व्याही म्हणून नेतायत. धर्मापुरीत विजयमालाचे वडील दारात सामोरे आले, एकेकाची ओळख झाली, आणि अण्णांपाशी आल्यावर बबनराव अगदी सहज म्हणाले, "हे आमचे डायव्हर." मंजुषा बायकांबरोबर मागं उभी होती. तिला वाटलं, अण्णा आता काहीतरी बोलतील. अण्णा हसले. जेवणं माडीवर झाली आणि अण्णांचं ताट गोठ्याशेजारच्या ओसरीवर, दुसऱ्या एका ड्रायव्हरबरोबर लागलं. ती वाढायला म्हणून खाली गेली तर ते भाताचं आळं करत होते. तिनं वरण घातलं. ते म्हणाले, "आगं, डायव्हर तर हायच की मी. खोटं काय बोलले?" पुढं ते वारले तेव्हा बबनराव मातीला आले, पण गाडीतून उतरले नाहीत, काच खाली करून हात जोडले. मंजुषाला त्या दोघांतल्या कुणाचा जास्त राग येतो हे अजून ठरवता आलेलं नव्हतं. बबनराव जिवंत होते एवढाच फरक.

एसीतून गरम वारं यायला लागलं. बबनरावांनी ते बंद करून काच खाली केली. इंजिनचा आवाज बदलला होता, कोरडा, खडखडत, मुठीत सुपाऱ्या हलवाव्या तसा. परमेश्वरनं वेग कमी केला आणि वडील म्हणाले, साहेब निघून जातील. त्यानं वेग वाढवला. पुन्हा काट्याकडे बघितलं; काटा तळाला, बिनघोर. मंजुषाच्या छातीत काहीतरी मोठं होत होतं आणि ते भीतीसारखं नव्हतं. ती चढाव मोजत होती. तो लहान पूल गेला, हा वड गेला, पुढं एक सरळ चढ आहे, अण्णांची जीप तिथं नेहमी धापा टाकायची. ती मनातल्या मनात इंजिनाला बंद पाडत होती. चढाच्या मध्यावर गाडीनं एक हिसका दिला, दोन दिले आणि बंद पडली. बोनेटच्या फटींतून वाफ निघाली. दोन्ही बाजूंना तुरीची वाळलेली खुंटं, उन्हाचा ठणका, आणि इतकी शांतता की आतलं लोखंड कडकड आवाज करत होतं ते ऐकू आलं. मंजुषाला बरं वाटलं. अंग हलकं झालं. आता पाटोदा नाही, साहेब नाहीत, हात जोडणं नाही. एवढंच तिला हवं होतं, आणि एवढ्यावर हे थांबलं असतं तर तिनं पुढं आयुष्यभर लिंबागणेशला नारळ फोडला असता.

बबनराव खाली उतरले. हनुमानला फोन लावून गाडी घेऊन मागं ये म्हणून सांगता आलं असतं, पण मग पाटोद्यात हशा झाला असता की बबनरावांची गाडी रस्त्यात मेली. त्यांनी परमेश्वरला बोनेट उघडायला लावलं. पाणी कमी पडलंय एवढं आता त्यांनाही दिसत होतं. डिकीतला बोअरच्या पाण्याचा कॅन त्यांनी स्वतः काढला, खांद्यावरचं उपरणं हाताला गुंडाळलं, आणि उतरून मागच्या दाराशी उभ्या असलेल्या मंजुषाकडे न बघता मोबाइल नि चष्मा परमेश्वरकडे देत म्हणाले, तिला दे. परमेश्वर रेडिएटरच्या झाकणाकडे बघत मागं सरला. "आबा, लई तापलंय. थांबू की जरा," एवढं त्याच्या तोंडून निघालं. "साहेब थांबत्याल का तुझ्यासाठी? हो बाजूला. तुझ्यानं कवा काय उघडलंय?" परमेश्वर हसला आणि बाजूला झाला. पण बबनरावही झाकणापाशी थांबले. त्या वाफेनं तेही जरा वचकले होते. आणि मग त्यांनी मान वळवली, आणि तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा सरळ तिच्याकडे बघून, मध्ये कुणाला न घालता, विचारलं. "तू सांग. तुझ्या बापाची हयात गेली ह्यात. उघडावं का थांबावं?"

तिला अण्णांचा डावा हात आठवला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सायीसारखी गोळा झालेली. लहानपणी ती त्यावरून बोट फिरवायची तेव्हा ते सांगायचे, गाडी कितीबी बोंबलू दे, एक बिडी वडायची, मग दुसरी वडायची, मग झाकनाला हात. थांबा, हा एकच शब्द होता. तो तिच्या जिभेवर आला होता, त्याची चवही लागली होती तिला. सासऱ्यांचा चेहरा उन्हात लाल झालेला, घामानं कपाळावरचा शेंदूर भुवईत उतरलेला, आणि डोळ्यांत खरोखर विचारणा होती. त्या क्षणी तो म्हातारा माणूस तिचं ऐकणार होता. तो भाजावा असं काही तिला वाटत नव्हतं, हे ती स्वतःला नंतर सांगू शकली असती. तिला वाटत होतं ते ह्याहून वाईट होतं. त्यानं विचारावं आणि आपण सांगू नये, हे सुख तिला सोडवत नव्हतं. तिनं पदर सारखा केला, मान खाली घातली आणि चांगल्या घरच्या सुनेनं द्यावं ते उत्तर दिलं. "मला काय कळतंय त्यातलं, मामा. तुमी म्हनाल तसं." बबनरावांना तिचा आवाज आवडला असावा. ते परमेश्वरला म्हणाले, "बघ, हिला म्हनत्यात शानी," आणि झाकण फिरवलं.

पहिला आवाज वाफेचा होता आणि दुसरा बबनरावांचा, आणि दोन्ही वेगळे करता आले नाहीत. पांढरट उकळतं पाणी त्यांच्या तोंडावर, गळ्यावर, उघड्या सदऱ्यातून छातीवर आलं. ते मागं कोसळले. परमेश्वर गुडघ्यांवर बसला, चेहऱ्याकडे जाणारे बापाचे दोन्ही हात त्यानं धरून ठेवले आणि ओरडायला लागला, पाणी आन, गार पाणी, मंजू, पाणी. कॅन पडून सांडला होता. सीटखाली पिण्याच्या पाण्याची नवी बाटली होती, ती तिनं काढली. ती धावली, हे खरं आहे. दोन पावलांवर असताना तिच्या दुसऱ्या हातातला मोबाइल वाजला. मामांचा मोबाइल. साहेबांच्या स्वीय सहायकाचं नाव. तिनं बाटली काखेत धरली आणि फोन उचलला. सहायक घाईत होता. तुम्ही अजून पोचला नाहीत, साहेब गाडीत बसतायत, वर नाव कळवायचंय, बबनरावांना विचारून पटकन सांगा, तो म्हणाला. विजयमाला आणि हनुमान तिथंच बसून आहेत, पण साहेब म्हणतात नाव बबनरावांकडूनच आलं पाहिजे.

"मामा इथंच हायत," मंजुषा म्हणाली. "त्यांच्या शेजारूनच बोलतेय." तिचा आवाज माईकवरचा होता, स्वच्छ, कुठंही न अडकलेला. खाली बबनराव विव्हळत होते, पापण्या सुजून मिटायला लागल्या होत्या, आणि तरी त्या आवाजाच्या दिशेनं त्यांची मान वळली. सहायकानं विचारलं, हा आवाज कसला. "गाडी गरम झालीय जरा," ती म्हणाली. "लिहून घ्या. सौ. मंजुषा परमेश्वर." आणि आडनाव सांगितलं, सावकाश. पलीकडून त्यानं पुन्हा विचारलं, नक्की ना, कारण इथं आम्ही वेगळं ऐकत होतो. ती म्हणाली, नक्की, मामांनी लिंबागणेशला नारळ फोडून ठरवलंय. बबनरावांच्या तोंडातून काहीतरी निघत होतं, पण ओठ भाजले होते आणि त्याचा शब्द होत नव्हता.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की परमेश्वर पाणी मागायचा थांबलाय. तो तसाच गुडघ्यांवर होता, बापाचे हात तसेच गच्च धरून, आणि तिच्याकडे तोंड वर करून बघत होता. तिला वाटलं, आता हा शिवी देईल, उठून थोबाडीत मारेल. तिनं ते सहन करायची तयारीही केली, त्याबद्दल तिला त्याचा थोडा आदरसुद्धा वाटला असता. तिनं फोन कट केला, बाटली काढून घाईघाईनं तिचं सील पिळायला लागली. परमेश्वर एकदा बापाच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा तिच्याकडे वळला आणि कुणी ऐकेल अशा भीतीनं आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "नाव नीट लिहून घेतलं ना त्यानं?"